बारकूमामांची झोप

झोप येत नाही म्हणून अख्ख्या मुरबाडात ज्यांचं नाव झालेलं होतं, त्या बारकूमामांना मी पहिल्यांदा पाहिलं ते गाढ झोपलेले.

तेही कुठे, तर आमच्या दुकानाच्या फळीवर, तराजूच्या पारड्यात हनुवटी टेकवून.

मी लग्न होऊन कल्याणहून मुरबाडला आले त्याला जेमतेम महिना झाला असेल. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे नानांचं, बाजारपेठेत काष्ठौषधींचं दुकान. भिंतभर लाकडी खण आणि खणाखणांत मुळ्या, साली, बिया, वाळलेली पानं. नाना जेवायला आत गेले की दुकानात मी बसायची. त्या दुपारी बाहेर येऊन बघते तर एक आडदांड माणूस फळीवर ओणवा झालेला. टोपी भुवयांवर आलेली, अंगावर भाताच्या तुसाचा थर, आणि प्रत्येक श्वासाला पारडं थरथरतंय. मी घाबरून नानांना हाक मारली. नाना हात पुसत आले, शांतपणे दुसऱ्या पारड्यात एक वजन टाकलं. खणकन आवाज झाला. गृहस्थांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत, पण वाक्य पुरं केलं.

"...म्हनून म्हनतो नाना, काय तरी जालीम द्या. झोपच नाय."

त्या वाक्याचा आधीचा भाग नाना जेवायला उठायच्या आधी बोलून झाला होता.

पाच भावांतले सगळ्यात धाकटे म्हणून 'बारकू'. बाकी बारकं असं त्यांच्यात काही नव्हतं. आमच्या दारातून आत येताना त्यांना मान वाकवावी लागे. रस्त्याच्या पलीकडे, आमच्या अगदी समोर, त्यांची भातगिरणी आणि गिरणीला लागूनच घर. गिरणी सुरू झाली की आमच्या खणांतली हिरड्याची फळंसुद्धा नाचायची. त्या धडधडाटात मामा कोंड्याच्या पोत्याला पाठ लावून बसत आणि दोन मिनिटांत घोरायला लागत. गिऱ्हाईक आपलं आपणच भात ओतायचं. मात्र गिरणीचा पट्टा सटकला की त्याच क्षणी मामा ताडकन उभे!

"बघितलंस? जागाच होतो," असं वर म्हणणार.

मी नवीन असताना एकदा धीर करून विचारलं, "मामा, तुम्ही तर आत्ता झोपला होतात."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी दुकानात बसून हळद आणि आंबेहळद एकच आहे असं म्हटलं.

"डोळा मिटतो गो सूनबाय. झोप नाय लागत. दोन्हींत फरक हाय."

हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं, की आमच्या घरात कोणी डुलकी घेताना सापडला तर तोही तेच म्हणायचा. मामांचा डोळा न्हाव्याकडे मिटायचा. लग्नाला गेले तर मंगलाष्टकांत मिटायचा. सगळ्यांबरोबर हात वर उठायचा, अक्षताही पडायच्या, पण नवऱ्या मुलाच्या डोक्यावर पडायच्या त्या पुढच्या माणसाच्या कॉलरमध्ये. गावातल्या पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'जागरण'. "जागरण, झोप लागली का?" असं कोणी ओरडलं की मामा हात हलवून खुशाल उत्तर द्यायचे, "कसली झोप न् काय! पापनीला पापनी नाय लागली!" आणि बाजारपेठ हसायची. मामाही हसायचे.

झोपेच्या औषधांचं म्हणाल, तर नानांनी त्यांच्यावर अर्धं दुकान खर्ची घातलं. आधी झाली जायफळाची चिमूट, कोमट दुधातून. मग ब्राह्मी, मग जटामांसी, मग गुळाबरोबर पिंपळमूळ. टाळूला दुधीचं तेल. शिवाय झोपेवरचं औषध सांगायला आपल्याकडे वैद्यच लागतो असं थोडंच आहे? चहावाला म्हणाला म्हशीचं दूध प्या. टेलर म्हणाला पांढरा कांदा दह्यातून खा. पोस्टमन म्हणाला झोपताना डोकं उत्तरेकडे करू नका. मामा सगळ्यांचं मन लावून ऐकायचे आणि सगळं करायचे. त्यांनी कोणालाच नाही म्हटलं नाही.

फक्त दोन गोष्टींत त्यांचा हट्ट असायचा. एक म्हणजे औषध दुप्पट बांधून पाहिजे. नाना म्हणायचे, "तुझ्या देहाला दुप्पटच लागणार रे बाबा," आणि दुप्पट बांधून द्यायचे. दुसरं म्हणजे चौकशा.

"नाना, हे कडू नाय ना?"

"औषध आहे बारक्या, बासुंदी नव्हे."

"तसं नाय. उपासाला चालंल ना?"

"तू कधीपासून उपास करायला लागलास?"

मामा क्षणभर गोंधळायचे. "करावा म्हनतो."

एकदा नानांनी मेंदीची वाळलेली फुलं आणि वाळा भरून उशी करायला सांगितली. त्या वासानं झोप लागते म्हणे. मामा म्हणाले, दोन उश्यांचं द्या. डोकं एकच असताना उश्या दोन कशाला, असं नानांनी विचारलं, तर म्हणाले, "एक राखीव. एखादीला ढेकूण लागले तर?"

आणि काशाच्या वाटीचं प्रकरण तर काय सांगावं! तळपायाला गाईचं तूप लावून काशाच्या वाटीनं घासायचं. तळवे काळे पडतात, पण डोकं शांत होतं. मामा वाटी घेऊन गेले. चार दिवसांनी त्यांची बायको, हिरामामी, आमच्या पायरीवर टेकली. उंच, सडपातळ, कमी बोलणारी बाई. कोणी काही विनोद केला तर आधी मामांकडे बघणार आणि मग हसणार. तिनं वहाणा काढल्या आणि मला दिसलं, की तिचे तळवे काळेकुळकुळीत झालेत. माझी नजर गेली हे कळताच तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. संध्याकाळी मामांना मी सहज विचारलं. ते गडबडीनं म्हणाले, "वाटी कशी घासायची ते आधी दुसऱ्याच्या पायावर शिकाया लागतं गो."

नानांनी आतून ऐकलं आणि नाराजीनं खाकरले. नवऱ्यानं बायकोचे पाय चोळायचे म्हणजे त्यांच्या दृष्टीनं कलियुगाची हद्द झाली होती.

मग आली शेणव्याची स्वारी. शेणव्याला एक म्हातारी झोपेवर कसलीतरी मुळी देते असं मामांच्या कानावर आलं. योगायोगानं मी त्याच शहापूरच्या एस.टी.त होते, माझी मावशी शहापूरला राहायची. शेणवा वाटेतच लागतो. मामांनी चढल्याचढल्या कंडक्टरला बजावलं, "शेणवा आला की उठव रे."

कंडक्टर मुरबाडचाच. त्यानं तिकिटं फाडता फाडता मोठ्यानं विचारलं, "तुमाला तर झोप येत नाय मामा. मग उठवायचं कोनाला?"

गाडी हसली. मामांच्या इभ्रतीचा प्रश्न होता. "खरं हाय. नको उठवूस," म्हणाले, आणि गाडी सरळगावला पोचायच्या आत त्यांचं डोकं माझ्या पिशवीवर.

शेणवा आला तेव्हा मी त्यांना गदागदा हलवलं. "मामा, उतरा, शेणवा!"

"जागाच हाय," ते डोळे मिटूनच म्हणाले आणि कूस बदलली. गाडी निघाली. मी पुन्हा हलवलं, पुन्हा "जागाच हाय." शेवटी शहापूरच्या स्टँडवर सगळे उतरले तेव्हा मामाही उतरले. धोतर झटकलं, चहूकडे बघितलं, एवढ्या गाड्या, फळवाले, दोनमजली इमारती.

"शेणवा लय सुधारला गो," मामा म्हणाले.

परतीच्या गाडीत कंडक्टरनं त्यांना बसूच दिलं नाही. दाराजवळ दांडा धरून उभं केलं आणि शेणव्याला हाताला धरून खाली उतरवलं. मुळी मिळाली. अर्थातच दुप्पट.

एवढं होऊनही मामांच्या निद्रानाशावरचा गावाचा विश्वास उडाला नव्हता. विश्वास म्हणण्यापेक्षा गावाला तो हवाच होता. त्या वर्षी सार्वजनिक गणपतीत रात्रीच्या पहाऱ्याचा प्रश्न निघाला. मंडळाची पोरं दिवसभर राबून दमलेली. कोणीतरी म्हणालं, ज्याला नाहीतरी झोप येत नाही त्यालाच बसवा की! मामांना नाही म्हणायला तोंडच नव्हतं. ते घोंगडी घेऊन मांडवात बसले.

सकाळी आरतीला गेलो तर मखराचे केळीचे खांब बुंध्यापर्यंत खाल्लेले. जास्वंदीचा हार गायब, दुर्वा गायब. गणपतीसमोर एक बोकड शांतपणे उभा होता आणि त्याच्या तोंडात मामांच्या उपरण्याचं टोक होतं. उपरण्याचं दुसरं टोक मामांच्या उशाखाली. मामा घोरत होते.

मंडळाचा अध्यक्ष ओरडला तेव्हा मामा उठून बसले. समोरचा देखावा पाहिला.

"बोकड आला तो मी बघितला," ते गंभीरपणे म्हणाले. "पन म्हटलं, देवाच्या दारात आलेल्याला आपन कोन हाकलनार?"

सगळा मांडव हसून लोळला. अध्यक्षसुद्धा. हसले नाहीत ते एकटे नाना. त्यांच्या दुकानाच्या औषधाची ही जाहीर बदनामी होती. एक तर औषधाला गुण येत नाही म्हणून माणूस गावभर सांगतो, आणि वर असा झोपतो! त्यांनी तिथेच सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "बारक्या, आजपासून माझ्या दुकानातून तुला झोपेचं औषध बंद. काडीसुद्धा मिळायची नाही."

लोकांना तोही विनोदच वाटला. पण मी मामांकडे बघत होते. त्यांचं हसू एकदम मावळलं.

गणपती गेले आणि टोकावड्याहून मामांची थोरली बहीण राहायला आली. आक्का. ठसठशीत कुंकू, ठणठणीत आवाज. गावात तिच्या शब्दापुढे जायची कोणाची छाती नव्हती. ती आल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी मामा दुकानात आले. नाना आत वामकुक्षी करत होते. मामांनी दारातून मागे वळून आपल्या घराकडे पाहिलं, मग फळीवर वाकून हळूच म्हणाले, "सूनबाय, एक औषध पाहिजे."

"मामा, नानांनी बंद केलंय ना. मी कसं देऊ?"

"झोपेचं नको. जागं राहायचं हाय काय?"

मला हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावून हसले. पोट धरून हसले. झोपेच्या औषधासाठी शेणव्यापर्यंत जाऊन आलेला माणूस जागं राहायचं औषध मागतोय! बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, की मामा हसत नाहीयेत. आणि दुसरंही लक्षात आलं, की फळीला टेकलेले असूनही त्यांचे डोळे टक्क उघडे आहेत.

"काय झालं मामा?"

"कोनाला सांगायचं नाय."

"नाही सांगणार."

ते खाली पायरीवर बसले आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

हिरामामीचं पहिलं बाळ जन्मतानाच गेलं होतं. त्यानंतर तिची झोप उडाली. उठून ओट्यावर बसायची. सासूला आणि आक्काला वाटलं, बाहेरचं लागलंय. भगताला बोलावलं. भगतानं मिरच्यांची धुरी दिली, केस धरून घुमवलं, कडुलिंबाच्या फोकांनी झोडपलं. मामा तेव्हा विशीतले; थोरल्यांपुढे तोंड उघडायची सोय नव्हती. मामी दुसऱ्या दिवसापासून रोज शहाण्यासारखी झोपायला लागली. सगळे म्हणाले, उतरलं.

"मला पन तसंच वाटलं गो. मी मेला असला झोपाळू! पडलो की मेलो. मंग मागं एका वरसाला मला हिवताप आला. अंग फनफनलेलं, झोप येईना. आयुष्यात पयल्यांदा. कूस बदलली न् बघतो तर ही आढ्याकडं बघत पडलेली. डोळं सताड उघडं. माझी चाहूल लागली न् पटकन मिटलं." मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ती इतकी वरसं निजल्याचं सोंग करते. शेजारी मी घोरतोय न् ती पडून हाय."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"इचारलं असतं तर घाबरली असती. आता ह्याला कळलं, म्हंजे घरात कळलं, म्हंजे भगत आला. पुरुष म्हनाला झोप येत नाय, तर लोकं हसतात. बाई म्हनाली, तर भगत बोलावतात. मंग म्हटलं, हसू द्या. सकाळी उठलो न् बाजारात जाऊन सांगत सुटलो, मला झोप येत नाय."

माझ्या डोळ्यांसमोरून दोन उश्या, दुप्पट पुड्या, उपास, काळे तळवे सगळं सरसर गेलं.

"आणि ती घेते औषध?"

"तिला सांगितलंय, वैद्य म्हनतो जोडीनं घेतल्याबिगर पुरुषाला गुण येत नाय. माझ्यापायी घेते बिचारी. आधी तिला देतो, मग मी घेतो. ती घेते न् टकटक बघत पडते. मी घेतो न् गार होतो." ते स्वतःशीच हसले. मग चेहरा पुन्हा उतरला. "काल रातच्याला आक्कानं तिला ओट्यावर बघितलं. आज सकाळपासून देहरीच्या भगताचं नाव काढते. म्हनून म्हनतो, काय तरी दे. मला जागायचंय. आक्काला दिसलं पाहिजे, की ह्या घरात जागा असतो तो मी, न् माझ्यामुळं ती जागी."

जागं राहायचं औषध असं आमच्या खणांत काही नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले. कल्याणहून आईनं दिलेली कॉफीची बरणी अजून फोडलीसुद्धा नव्हती. मुरबाडच्या आमच्या घरी कॉफी पीत कोणीच नव्हतं. ती दिली. वर चार मिरे दिले, डोळा मिटायला लागला तर चावायला. आणि नानांच्या डबीतली चिमूटभर तपकीर.

पुढचं मला कळलं ते आक्कांकडूनच. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या बोचकं काखेत मारून आमच्या दुकानात आल्या. डोळे लाल, डोकं फडक्यानं करकचून बांधलेलं.

"सुंठ दे गो. डोकं फुटायला लागलंय."

"काय झालं आक्का? इतक्यात निघालात?"

"र्‍हाऊ कशी? हा मेला बारक्या! रातभर अंगणात येरझाऱ्या. अभंग काय म्हनतो, शिंकतो काय, गिरणीचा पट्टा काय काढतो न् लावतो! जरा डोळा लागला की ह्याची शिंक. आज दोन रात्री मी पाठ टेकलेली नाय!"

मी सुंठ उगाळता उगाळता शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "मामींचं कसं होत असेल हो?"

"तेच म्हनते मी! असला नवरा असल्यावर ती बाय ओट्यावर नाय बसनार तर काय करनार? तिला कशाला भगत? भगत बोलवायचा तर ह्याला बोलवा! पन ह्याच्यापुढं भगत टिकायचा नाय." त्यांनी सुंठेचा लेप कपाळाला थापला आणि टोकावड्याच्या पहिल्या गाडीनं गेल्या. जाताना हिरामामीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडून गेल्या, हे समोरच असल्यामुळे मी स्वतः पाहिलं.

आक्कांची गाडी वळली आणि मामा गिरणीच्या दारातच, उभ्याउभ्या, चौकटीला टेकून झोपले. दुपारपर्यंत कोणी त्यांना हलवू शकलं नाही. भात घेऊन आलेली माणसं त्यांच्या काखेखालून आत-बाहेर करत होती.

आता प्रश्न औषधाचा होता. नानांची बंदी कायम होती. मी ठरवलं, नानांच्या नकळत आपणच पुड्या बांधायच्या. संध्याकाळी नाना देवापुढे बसलेले बघून मी जटामांसीचा खण हळूच उघडला.

"दुप्पट बांध," आतून आवाज आला.

मी जागच्या जागी थिजले.

"आणि जायफळ कमी घाल," नाना समईची वात सारखी करत म्हणाले. "बाईमाणसाला तेवढं पुरतं."

त्यांना कधीपासून माहीत होतं, काशाच्या वाटीपासून की उपासापासून, की त्या दुपारी वामकुक्षी नव्हतीच, ते मी विचारलं नाही. त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही. मामांना मात्र दुकानात शिव्या देणं त्यांनी अजिबात सोडलं नाही.

पुढे माझी मुलगी झाली. तिला तेल लावायला, न्हाऊ घालायला हिरामामी रोज यायला लागली. पहिल्या दिवशी तिनं बाळाला पायांवर घेतलं आणि बराच वेळ तेलाची वाटी उचललीच नाही, नुसती बघत बसली. मग हळूहळू बोलायला लागली. कधी त्या बाळाबद्दल, जे राहिलं नाही. त्याचं जावळ दाट होतं म्हणाली. इतक्या वर्षांत तिला कोणी विचारलंच नव्हतं. मी ऐकायची. कधी आम्ही दोघी काही न बोलता दुकानातल्या शतावरीच्या मुळ्या निवडत बसायचो.

एकदा मी न राहवून म्हटलं, "मामी, मामांच्या झोपेचं काय हो? काही फरक?"

मामीनं मुळीवरची माती पुसली. ओठ जरासे हलले.

"कुठला गो! बिचाऱ्यांना अजून झोप नाय," ती म्हणाली. "त्यांच्यापायी मी पन घेते औषध. तेवढाच त्यांच्या जिवाला आधार."

समोर गिरणीत मामांचं घोरणं यंत्राच्या वर ऐकू येत होतं. तिनं तिकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. तिला सगळं ठाऊक होतं की काहीच नव्हतं, हे मला आजतागायत सांगता यायचं नाही.

अशी काही वर्षं गेली. बाजारपेठेत एस.टी.डी.चे बूथ आले, घरोघरी टी.व्ही. आले, औषधांच्या पुड्या जाऊन चकचकीत डब्या आल्या. मामांचं 'जागरण' नाव तेवढं राहिलं.

दिवाळी होऊन नवं भात निघालं की गिरणीपुढे गर्दी उसळते. त्या वर्षी पीक चांगलं होतं. एक दिवस सकाळी मी दुकान उघडलं तर गिरणी बंद. दारात पोत्यांची रांग, दोन बैलगाड्या, एक टेम्पो. आणि गिरणीच्या पायरीवर मामा बसलेले, दोन्ही हात पसरून दार अडवल्यासारखे.

"मामा, वीज गेली का?" रांगेतल्या एकानं विचारलं.

"नाय."

"पट्टा तुटला?"

"नाय. हळू बोल."

"मग लावा की गिरणी! उन्हं वर आली."

"आज नाय लागायची. दुपारी या. हळू बोला रे, ओरडता कशाला?"

माणसं भडकली. एकानं तर बैल सोडून भांडणाचा पवित्रा घेतला. मामा उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कुजबुजत म्हणाले, "रागावू नको रे. काल मला झोप लागली. खरी झोप. अजून गुंगी हाय. अशात पट्ट्याला हात लावला तर हात जाईल."

क्षणभर कोणाला कळेना. मग टेम्पोवाला म्हणाला, "काय सांगता! जागरणला झोप लागली?" आणि सगळ्यांचा राग कुठल्या कुठे पळाला. कोणी त्यांची पाठ थोपटली, कोणी हात हातात घेऊन हलवला. चहावाला ग्लास घेऊन धावत आला. कुठलं औषध लागू पडलं ते जो तो विचारत होता, आणि मामा प्रत्येकाला त्याचंच नाव सांगत होते. टेलरला म्हणाले, तुझा पांढरा कांदा. चहावाल्याला म्हणाले, तुझं म्हशीचं दूध. माणसं खूष होऊन, पोती तिथेच ठेवून, हलक्या पावलांनी पांगली.

मी रस्ता ओलांडून गेले. मामांचे डोळे लालबुंद झालेले. ते आदल्या रात्रीपासून जागेच असावेत, आणि ह्या वेळी कॉफीशिवाय.

त्यांनी मला काहीच सांगितलं नाही. नुसतं बोटानं 'ये' म्हणून खुणावलं आणि घराचं दार चार बोटं लोटलं. आत मामी कुशीवर निजली होती. तोंड जरासं उघडं, एक हात उशीवरून खाली लोंबणारा, पांघरूण पायांत गोळा झालेलं. सोंग घेणारं माणूस इतकं अस्ताव्यस्त झोपत नाही. फटीतून उन्हाची तिरीप तिच्या गालावर आली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

मामांनी दार तसंच अलगद लावलं. ही बातमी त्यांना आयुष्यात दुसऱ्या कोणालाच सांगता येण्यासारखी नव्हती. ते माझ्या कानाशी वाकले, एवढा मोठा देह दुमडून, आणि त्यांचा आवाज आनंदानं फुटत होता.

"घोरते गो," ते म्हणाले. "ऐकलंस? घोरते ती!"